शेजारच्या गोऱ्याचं रेकॉर्डिंग

इथे परदेशात, मुलाकडे टॅम्पिनीसला, आमच्या शेजारच्या फ्लॅटात एक म्हातारा गोरा राहतो. विलायतेत तो स्वतः लोकगीतं रचून गायचा, त्याच्या तबकड्याही निघाल्या, असं सूनबाई सांगते. तिचं ऐकून तोही मला "बाबा" म्हणतो. गाताना डोळे मिटतो आणि अनवाणी पायाने फरशीवर ठेका धरतो. मला इंग्रजी येत नाही, पण गळा खरा की खोटा, हे कळायला शाळा लागत नाही.

परवा त्याने नव्या तबकडीसाठी घरीच रेकॉर्डिंग मांडलं. मला खुर्ची दिली आणि ओठांवर बोट ठेवलं. गाणं संपत आलं तसा आवाज असा काही वळला, की माझ्या तोंडून "वा!" निघालंच.

त्याने गिटारवर हात आपटला. "नो वा, बाबा! अगेन!"

मी म्हटलं, "मग जरा वाईट गा. गप्प बसतो."

सोबत आलेल्या सूनबाईने हे काही त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा मी तोंडाला रुमाल लावून हट्टाने बसलो. तीच जागा आली. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि गाणं मध्येच थांबवलं.

"बाबा," तो पडल्या चेहऱ्याने म्हणाला, "नो वा?"