तेलाचे हात

पुरुषाला तान्ह्या बाळाची मालिश करताना कुणी पाहिलं, तर आमच्या कळसाडी गावात काय होईल याची मला चांगली कल्पना होती. कारण अशा वेळी हसणाऱ्यांत मीच पुढे असे. एका मित्रानं गच्चीवर बायकोची साडी वाळत घातली, तर मी त्याला वर्षभर सळो की पळो करून सोडलं होतं.

पण माझी बायको न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मालिशवाली कापूस वेचायला जाऊ लागली. आई हयात नाही. तीन महिन्यांच्या मुलीला तेल लावायला मीच उरलो.

शहाद्याहून मी सगळ्यांत महाग, सुवासिक तेल आणलं. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर लाल पुरळ. डॉक्टर म्हणाले, पुरळ जाईपर्यंत काहीच लावू नका. मग वास नसलेलं साधं खोबरेल घ्या, आधी पायावर थोडंसं लावून एक दिवस थांबा, नाकाकानात थेंबही नको. तेल कोण लावतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हिची मावशी. बायको प्लास्टरचा हात धरून जमिनीकडे बघत राहिली.

पुरळ गेल्यावर मी रोज दाराला कडी घालून तेल लावू लागलो. मुलगी पाय झाडत हसायची, माझे कान मात्र बाहेर असायचे.

एका सकाळी कडी घालायची राहून गेली. अंगणात खोकला ऐकू आला. वडील शेतातून लवकर परतले होते. आतल्या खोलीत पळायला म्हणून मी तिला तेलकट हातांनीच उचललं आणि ती सुळकन निसटली. माझ्या मांडीवर पडली म्हणून वाचली, शेजारीच फरशी होती. ती रडलीसुद्धा नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी पाहील म्हणून मी पोटच्या पोरीला पाडत होतो.

वडील आत आले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दोरीवरचं फडकं त्यांनी माझ्याकडे टाकलं.

"पहिले हात पुस, मंग पोरीले उचल," ते म्हणाले. मग भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "तुले बी तान्हपनी मीच चोळेल शे. तुन्ही माय आजारी व्हती."

हे आजवर का सांगितलं नाही, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. आत येता येता त्यांनीही कडी घातली होती.