तिंबूर जात मीच काढली

माझ्यासारखा शहाणा माणूस तोंडावर कसा आपटतो ते ऐकायचंय? मग चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते!

सत्तरनंतरची सालं. मी पिंपरीत एका कंपनीत फिटर होतो आणि गॅदरिंगचा नाटककारही. त्या वर्षी जातिभेदावर असा आसूड ओढायचा होता की मॅनेजरसुद्धा रडला पाहिजे. पण कुणाची जात घेणार? वर्कशॉपमध्ये सगळ्या जातींचे लोक, कुणीतरी दुखावणारच. म्हणून मी एक काल्पनिक राज्यच उभं केलं आणि तिथल्या रयतेसाठी कोरी करकरीत जात काढली, तिंबूर. हजेरीपट चाळून पाहिला, या आडनावाचा एकही माणूस नव्हता. व्याख्याही ठोकून दिली: जो राजवाडा बांधतो, पण ज्याला राजवाड्यात कुणी बस म्हणत नाही, तो तिंबूर. आता सांगा, यात कुणाला काय लागणार?

पात्रांची यादी कँटीनच्या फळ्यावर लावली. राजा, हेडक्लार्क जोशी. प्रधान, अस्मादिक. तिंबूर पाच: लेथवरचा सुदाम आणि त्याच्याच बुद्धविहाराजवळच्या वस्तीतले चौघे. सुदाम म्हणजे माझा जिवलग, आठ वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यात जेवत होतो.

सुदामने यादी दोनदा वाचली.

"राव, जात नवी काढलीस," तो म्हणाला, "माणसं मात्र जुनीच घेतलीस."

मी असा भडकलो म्हणता! भेदावर नाटक लिहिणाऱ्याला हे ऐकवायचं? उंची, आवाज, चेहरेपट्टी, होती नव्हती ती सगळी कारणं त्याच्यापुढे ओतली. त्याने डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. चार दिवस मी एकटा जेवलो. पण चूक कबूल करायची? छे!

पाचव्या दिवशी रागारागानेच यादी फाडली. सुदामला राजा केलं, जोशींना प्रधान आणि तिंबुरांत पहिलं नाव माझं घातलं. झालं का समाधान, असंही वर विचारलं.

"राजाचं मी पाठ करतो," सुदाम म्हणाला. "तू तुझं कर."

मी वही उघडून माझी वाक्यं शोधायला लागलो. राजाचं भाषण पाच पानं. प्रधानाची तर चार स्वगतं, कारण प्रधान मी होणार होतो ना! आणि तिंबुरांना? अहो, तीन अंकांत पाच जणांना मिळून एक वाक्य: "जी सरकार."