घर की बिऱ्हाड

कोंडाजी मूळचा पोलादपूरकडच्या कुडपण गावचा. मुंबईत बारा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिवण करून त्यानं स्वतःचं मशीन घेतलं आणि महाडला, चवदार तळ्यामागं, दत्ताराम शेटच्या चाळीत खोली भाड्यानं घेऊन धंदा मांडला. खोली दुसऱ्याची, पण आतलं सामान आपलं. म्हणून त्यानं त्या सामानाचा आगीचा विमा उतरवला. गल्ली हसली. "कोंडाजी, चिंध्यांचाबी विमा निघतो काय रं?"

एकसष्ट साली, होळीनंतर, शेजारच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला. माणसं वाचली. कोंडाजीचं कपाट, कपडे जळाले. मशीनचा नुसता सांगाडा उरला.

विमा कंपनीच्या साहेबांनी कागद उलगडला. "अहो, हा विमा कुडपणच्या घरातल्या सामानाचा आहे."

"तिथं काय हाय साहेब? म्हातारी, जातं आन् दोन घोंगड्या."

"एजंटानं विचारलं असेल ना, घर कुठं?"

विचारलं होतं. कोंडाजी कुडपण म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार? घर कुडपणला, महाडला बिऱ्हाड. त्याच्या बापानं मुंबईत तीस वर्षं काढली, पण तिथल्या खोलीला मरेपर्यंत घर म्हटलं नाही.

साहेब तसे बरे होते. म्हणाले, "'माझे घर महाड येथे आहे' असं लिहून आणा. खाली मालकाची सही. मी वर पाठवतो."

दत्ताराम शेटनं कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "माझे घर? वा रे पठ्ठ्या! आज कागदावर, उद्या कोर्टात. बिऱ्हाड लिही, आत्ता सही ठोकतो."

त्यानं बिऱ्हाड लिहिलं. साहेबांनी कागद परत दिला. "इथं घरच हवं."

तीन खेपा झाल्या. गोदूबाई, त्याची बायको, करवादली, "अवो, लिवा की घर! शबूदच ना?"

"मी लिवतो गो. शेट सही करंल का?"

चौथ्या खेपेला शेट म्हणाला, "करतो. आधी खोली मोकळी कर."

कोंडाजीनं खोली रिकामी केली. मग त्यानं कुलूप काढून शेटच्या हातात दिलं.

सही मिळाली. कागदावर कोंडाजीचं घर महाडला झालं, तेव्हा गोदूबाई उरलंसुरलं गाठोडं मांडीवर घेऊन पोलादपूरच्या एस.टी.त बसली होती.