वरच्या फळीवरचं मीठ

परवा स्वयंपाकघरातल्या फळ्यांना ऑइलपेंट दिला आणि त्या उग्र वासासरशी नव्वदच्या दशकातला एक रविवार आठवला.

बाबांना बीपी निघालं होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. बाबा अंबडच्या कारखान्यात फिटर. तिथे भिंतीवर प्रत्येक पान्याच्या जागी त्याची आकृती रंगवलेली असते. तशाच लाल आकृत्या त्यांनी त्या रविवारी ऑइलपेंटने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर काढल्या. झाऱ्याची, उलथन्याची, किसणीची. मग मिठाची बरणी उचलून थेट सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"अहो, माझा हात तरी पोचतो का तिथे?" आई वैतागली.

"म्हणूनच ठेवलीये. लागलं की मला हाक मार."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाक जायची. बाबा बरणी काढून द्यायचे, आई चिमूटभर मीठ घ्यायची, आणि बाबा मग तिथेच ओट्यापाशी लसूण सोलत रेंगाळायचे. मला तो नसता उपद्व्याप वाटायचा.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा रंग वाळल्यावर मी बरणी आईच्या हाताशी, ओट्यावर ठेवली. तिने ती उचलून माझ्याच हातात दिली.

"वर ठेव. लागलं की हाक मारीन."