दोन वर्षांचा प्रश्न

केळीच्या बागेतून जाताना तो येईल त्या खोडावर थाप मारायचा. दावणीच्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी, हळू. "काय मालक, बरं हाये न?" असं खोडालाच विचारायचा आणि पुढे सरकायचा. नवख्या माणसाला वाटावं, पोराचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. तसं काही नव्हतं हो. अख्ख्या सावद्यात त्याच्याइतकं ताळ्यावर डोकं दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ते पुढे दुसऱ्यांनीच फिरवलं.

मी त्यांची शेजारीण. भिंतीला भिंत. आमची गल्ली संपते तिथून त्यांची बाग सुरू होते. माझं शिलाई मशीन ओट्यावरच असतं, त्यामुळे गल्लीतला माणूस माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, असं माझा पोरगा म्हणतो. तोंडाळ आहे कार्टा, माझ्यावर गेलाय. बसस्टँडजवळ त्याचं विहिरीच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. पण त्याचं पुढे सांगते, आधी शेजाऱ्याचं.

तर हा शेजारचा पोरगा. शिकलेला, देखणा, घरचं बारमाही पाणी, दारात ट्रॅक्टर. कांदेबाग असो नाहीतर मृगबाग, कुठल्याही हंगामात त्याच्या केळीकडे बघून लोक सायकल थांबवायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे असा वारा सुटतो की उभं पान फाटून चिंध्या होतात. हा आधीच वारा अडवायला बागेच्या कडेनं दाट उंच गवत लावून ठेवायचा, आणि वारा सुटला की बांधावर उभा राहून त्याला शिव्या घालायचा. बाग राहायची. घरात फक्त सून येत नव्हती.

मुलीवाले यायचे. मीच कित्येकदा त्यांच्या पुऱ्या लाटल्या आहेत. यायचे, जेवायचे, बागेत फिरायचे, फोटो काढायचे. मग पान लावता लावता मुलीचा बाप विचारायचा, "शेती छान आहे तुमची. बघतं कोण?"

"मीच बघतो," हा छाती काढून सांगायचा.

झालं. सुपारी तोंडात जायच्या आत पाहुणे उठायचे. शेती पाहिजे सगळ्यांना, शेतकरी नको. तुमच्याकडेही हेच चाललंय, मला ठाऊक आहे. एका बाईनं तर बाहेर पडताना माझ्याच ओट्यावर टेकून मला विचारलं, "पुण्याला वगैरे जाणार नाही का हो हा?" मी म्हटलं, "कशाला? पुण्यात केळी लागते का?" ती उठून गेली. बोलायला गेले की माझं असं होतं.

शेवटी त्याच्या मामांनी अक्कल चालवली. फैजपूरचे मामा, बोलण्यात कोणाला हार जाणार नाहीत. म्हणाले, "भाचा, नावापुढे पुन्याचा पत्ता लाव. चाकणला आपला मानूस हाये, कंपनीत चिकटवतो तुले. लगीन व्हवू दे, मंग ये परत. कोन धरून ठेवते तुले तढी?"

बघा हं, गळाला गांडूळ लावतात तसा हा पत्ता लावायचा होता. मासा मिळाला की गळ काढून घरी यायचं. असं करणारी आमची मंडळी जगात एकटीच असतील.

निघाला त्या दिवशी पोरगा बागेला एक फेरी मारून आला आणि बॅग घेऊन माझ्या ओट्यापाशी थांबला. "येतो अक्का. दोनच वर्सांचा प्रश्न हाये."

"हो रे बाबा, दोनच," मी म्हटलं. "जेवण कोण देणार तुला तिथे, मामा?"

हसला बिचारा.

मामांचा हिशोब मात्र बरोबर निघाला. बायोडाटाच्या कागदावर 'पुणे' आलं आणि स्थळं दारात रांगेनं उभी राहिली. तीच माणसं, तीच बाग, तोच पोरगा! उन्हातान्हात राबत होता तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि आता कंपनीच्या गोदामात खोकी मोजत होता तर साक्षात जावईबापू. मला संताप आला होता, पण संतापाला विचारतो कोण?

धुळ्याकडची मुलगी बघायला गेलो तेव्हा गाडीत मीही होते. मुलगी शांत, तरतरीत, डोळ्यांत बघून बोलणारी. मला तेव्हाच आवडली. मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. जायच्या आधी मामांनी जिन्यात भाच्याचा दंड धरून पढवलं, "सांग, पुन्याबिगर मले करमत नाही. शेतीचं नाव काढशील तर याद राख."

परत येताना गाडीत त्याच्या आईनं विचारलं, "काय म्हने पोरगी?"

"तिले पुन्यालेच राह्यनं हाये," तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मामांनी मात्र मांडीवर थाप मारली.

लग्न झालं, पुण्याजवळ मोशीला फ्लॅट झाला. मोशी म्हणजे काय, अर्धा खानदेशच की. खालच्या मजल्यावर रावेरचे, वरच्या मजल्यावर शिरपूरचे. सगळे एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतात आणि शुद्ध बोलतात. या दोघांचंही तसंच. गावी आली की आम्हा सगळ्यांसमोर एकमेकांशी 'आहे', 'नाही', 'पाहिजे'. ती धुळ्याची असून 'आहे'ला कधी 'शे' म्हणाली नाही, आणि याचं 'हाये' फक्त बागेत आणि माझ्या ओट्यावर. मला वाटायचं, चढलं वाटतं पुणं दोघांना. तिला मी तोंडावर 'पुण्याची राणी' म्हणायचे. ती नुसती हसायची.

एकदा ब्लाउज सैल करायला म्हणून ती माझ्याकडे आली. मी टाके उसवत होते तोवर मागच्या दारात उभी राहून बागेकडे बघत होती. "किती गार वाटतं इथे," म्हणाली. मी म्हटलं, "तुमच्याकडे एसी नाही का?" काय बोलून गेले बघा. मी खवचटपणे विचारलं, तिनं मात्र साधं उत्तर दिलं, "आहे ना."

आणि तो? सुट्टीला आला की चहासुद्धा न घेता बागेत. धाकटा भाऊ बाग सांभाळत होता, बराही सांभाळत होता. हा तरी खोडाखोडाशी थांबून विचारपूस करायचा. जाताना माझ्यापाशी येऊन तेच, "दोन वर्सांचा प्रश्न हाये, अक्का." मधे पोरगी झाली, ती बालवाडीत जायला लागली, आणि याची दोन वर्षं जागची हलेनात. मी चिडवायचे, "अरे, तुझी वर्षं रबराची आहेत का रे?"

मग ती भरीताची पार्टी झाली. थंडीत आमच्याकडे शेतात भरीत करतात, ते तुम्हाला सांगायला नको. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडाच्या बडगीत मिरची-लसूण ठेचायचा. बागेच्या कडेला जाळ पेटला होता. तो वांगी उलटत होता, तोंड काळं, डोळ्यांत पाणी, आणि स्वारी खूश. ती चुलीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. कोणी शिकवायला लागलं नाही तिला, हात आपोआप फिरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं.

माझ्या जिभेला काही राहवेना. म्हटलं, "काय गं पुण्याच्या राणी, उद्या चाललीस न तुझ्या मोशीला? की राहतेस इथेच आम्हा गावंढळांत?"

भाकर तव्यावर टाकता टाकता, वरसुद्धा न बघता ती बोलून गेली, "र्‍हास ना अक्का. माले कोठे पुनं जोयजे व्हतं? तेस्ले जोयजे व्हतं."

त्याच्या हातातलं वांगं जाळात पडलं.

"मले?" तो म्हणाला. "तुले कोनी सांगितलं, मले पुनं पाहिजे म्हनून?"

"तुम्हीच तं सांगं ना, गच्चीवर."

"मले मामानं पढवलं व्हतं!"

"आनि माले मावशीनी."

आधी आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते उगाच बडगीत मिरच्या ठेचत बसले. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण ती दोघं हसत नव्हती. तिचे हात पिठात तसेच राहिले होते. लग्न होऊन एवढा काळ गेला, एका घरात, एका ताटात जेवणारी माणसं, आणि दोघंही दुसऱ्याच्या हौसेखातर तिथे राहत होती. मला वाटलं, बरं झालं, आज फुटलं एकदाचं. आता येतील घरी.

तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "मंग येवू का आपन?" इतकंच विचारलं. तिनं मान हलवली.

आणि तेवढ्यात त्याची आई बोलली. ओरडून नाही, हात जोडून बोलली. "आता नको रे बापा. धाकट्याचं व्हवू दे. मोठा पुन्याले हाये म्हनून तं लोक दारात येतात. तू परत आला तर म्हनतील, नोकरी गेली याची. धाकट्याले कोन पोरगी दीन?"

आबा, म्हणजे त्याचे वडील, काडीनं निखारे सारत राहिले. पोराचं बोलणं खोटं नव्हतं आणि आईचंही नव्हतं. भरीत छान झालं होतं, पण उरलं.

निघताना तो माझ्या ओट्यापाशी आला. मी काही चिडवलं नाही. तोच म्हणाला, "धाकट्याचं झालं की लगेच, अक्का. दोन वर्सांचा प्रश्न हाये."

धाकट्याचं झालं. मुलगी चांगली मिळाली. अट एकच, भाऊ पुण्याला आहेत तर यांनाही तिकडेच घेतील न? घेतलं. मग बाग निम्मे-बटईनं दुसऱ्याला कसायला दिली. आबांचे गुडघे गेले, एकटे म्हातारा-म्हातारी घरात कसे राहणार म्हणून त्यांनाही नेलं. एकेकाला ओढत सगळं घरच त्या फ्लॅटमध्ये गेलं. कुलूप लावायला तोच आला होता. जाताना बागेतून केळीचं एक पील, बुडातला कोंब, खणलं, रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं आणि गाडीत बायकोच्या पायाशी ठेवलं. तेव्हापासून माझ्या भिंतीपलीकडून कोणी खाकरत नाही. सुरुवातीला मला दुपारी झोप लागायची नाही.

मागच्या महिन्यात मी मोशीला गेले. पिशवीत वांगी होती, कळण्याचं पीठ होतं, आणि पोटात एक गोष्ट होती. ती गाडीत बसल्यापासून घोकत होते.

आबा टीव्हीसमोर होते. मला बघून म्हणाले, "आपल्याकडं आज लई ऊन दाखवलं वो." सावद्याचं ऊन 'दाखवलं' हे ऐकून मलाच उकडायला लागलं. सूनबाईनं पाणी दिलं, गळ्यात पडली. घरातच होती, तरी आबांसमोर ओढणी नीट करून मग पडली.

केळ बाल्कनीत होती. बादलीतून आता निळ्या ड्रममध्ये आलेली. वाढून वाढून वरच्या स्लॅबला टेकली होती आणि तिथून मान वाकवून जाळीतून बाहेर निघू बघत होती. पानं जाळीला घासून फाटलेली.

"घड येईल का रे हिला?" मी विचारलं.

"नाही वो. एवढ्याशा मातीत कुठला?"

"मग ठेवलीस कशाला?"

त्यानं खोडावर थाप मारली. "कोनी तं लागते न, अक्का, बरं हाये का इचारायले."

चहा आला. आता बोलायलाच हवं होतं. माझी जीभ आयुष्यात कधी अडखळली नाही, त्या दिवशी अडखळली.

"माझ्या पोरासाठी काही बघ न रे इकडे," मी म्हटलं. "काहीही चालेल. कंपनीत, गोदामात. नुसता पत्ता पुण्याचा पाहिजे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अक्का, तुम्ही म्हनता?"

"मीच म्हणते. पस्तिशीला आला तो. दुकान धड चालतं, लोक येतात, बघतात, चहा पितात आणि विचारतात, पुण्याला वगैरे जाणार नाही का?"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "नका धाडू अक्का," ती म्हणाली. "माले इचारा. नका धाडू."

"नाही धाडत," मी म्हटलं. "मग मला सून कुठून आणू, तेवढं सांग."

आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. खालून कुठल्या तरी गाडीचा रिव्हर्सचा पी-पी आवाज येत होता.

मग तो माझ्या समोर खाली बसला, लहानपणी ओट्यावर बसायचा तसा.

"बघतो मी, चाकणला मानूस हाये आपला," तो म्हणाला. "लगीन झालं की येईल तो परत. दोनच वर्सांचा प्रश्न हाये, अक्का."

मी हसले नाही. कप खाली ठेवला.

"दोनच," मी म्हटलं.