हार्टवाली मॅडम

पालघरजवळच्या माहीमच्या शांताराम सावे यांची धाकटी मुलगी वैष्णवी मुंबईत हृदयरोगाचं शिक्षण पुरं करून बोईसरला नोकरी धरायची म्हणाली, तेव्हा शांताराम पानवेलींना पाणी लावत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "तिकडं काय कमी हाय तुला?"

"तिकडे काहीच कमी नाही बाबा. माझ्यासारखे गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे छातीत कळ आली की माणसं आधी गाडी शोधतात, मग डॉक्टर."

शांतारामांनी पाणी पुढच्या वेलींकडे वळवलं. पण पुढच्याच आठवड्यात गावभर सांगत सुटले, की आमची पोर बोईसरला येते.

बोईसरच्या एका खाजगी इस्पितळाने नुकतीच कॅथलॅब उघडली होती. मनगटातून बारीक तार सरकवून हृदयाची बंद पडलेली नळी उघडायची, ती ही खोली. वैष्णवी तिथे पहिल्या दिवसापासून होती. कारखान्यांतले पाळीवरचे कामगार, दातिवऱ्याचे मच्छीमार, डोंगराकडचे शेतकरी, सगळे तिच्या हाताखालून गेले. सरकारी योजनेत इलाज फुकट व्हायचा, त्यामुळे कोणाला दारातून परत लावायची वेळ येत नसे. सालवडच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार तिला 'हार्टवाली मॅडम' म्हणायला लागले आणि ते नाव तिला चिकटलं. बाई तापट होती. झटका येऊन गेल्यावरही कोणी तंबाखू मळताना दिसला, तर बायकोपोरांसमोर त्याची बिनपाण्याने करायची. जवळपासच्या काही ठिकाणी गरज नसताना नळीत स्टेंटची जाळी टाकतात, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला मनापासून संताप यायचा. डॉक्टरांच्या एका सभेत ती उठून म्हणाली होती, "आपल्या हातून किती वाचले, किती गेले, हे कोणीतरी मोजलंच पाहिजे."

म्हणून नवा नियम आला तेव्हा तिला आनंदच झाला. योजनेतल्या प्रत्येक इस्पितळातले हृदयरोगाचे मृत्यू मोजले जाणार होते आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणाऱ्याचं नाव योजनेतून निघणार होतं.

सहा महिन्यांनी इस्पितळाचे व्यवस्थापक विक्रमसाहेब तिच्या खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीत बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आपल्याकडचे मृत्यू जास्त दिसतात, मॅडम."

"माझ्याकडे येतात तेच शेवटच्या घटकेला येतात. त्यांना हात लावला नाही तर ते तसेही जाणार."

"मला कळतं हो. नियमाला कळत नाही. तो नुसतं मेला की जगला एवढंच बघतो." मग ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या नाव निघालं, तर जे सहज वाचतात तेसुद्धा जातील. त्यांनी कुठे जायचं? अगदी कठीण असतील त्यांना पुढे पाठवा. मुंबईत सोय मोठी आहे."

वैष्णवी त्या दिवशी तावातावाने भांडली. पण विक्रमसाहेबांचं म्हणणं तिच्या डोक्यातून जाईना. पहिल्यांदा तिने एका खूप म्हाताऱ्या गृहस्थांना पुढे पाठवलं. ते तसेही वाचले नसते, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या वेळी समजूत घालायला कमी वेळ लागला. त्यानंतर तर हातच आपोआप फोनकडे जायचा, रुग्णवाहिका बोलवायला.

शिमगा होऊन दोनेक दिवस झाले असतील. मनोरच्या पलीकडल्या पाड्यावरचा नवशा भर दुपारी जीपमधून आला. वीटभट्टीवरून सणाला घरी आलेला, पन्नाशीच्या आतला, काटक माणूस. आता मात्र अंग गार पडलं होतं, घामाने कपडे भिजलेले आणि नाडी हाताला लागत नव्हती. झटका मोठा होता; हृदयाची रक्त ढकलायची ताकदच जात चालली होती. लगेच नळी उघडली तर अशांतले निम्मे वाचतात. निम्मे वाचत नाहीत.

वैष्णवीने औषधं लावली आणि त्याची बायको बायडी हिला बाहेर बोलावलं. "याला मुंबईला न्यावं लागेल. इथे जमणार नाही."

बायडीने आत वाकून पाहिलं. "बाय, तू हात लाव ना एकदा. आमी लय नाव ऐकून आलो तुजं."

"तिथे मोठी सोय आहे, मावशी. वेळ घालवू नका."

गाडी निघाली. वसईच्या खाडीपुलाच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लांबवर लागली होती. त्या रांगेतच नवशाचा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी बायडी परत आली. मृत्यूच्या दाखल्यासाठी तिला इकडून तिकडे फिरवत होते. वैष्णवीने तो दाखला स्वतः मिळवून दिला, चहा मागवला. बायडीने चहाला हात लावला नाही. तिने सरळ विचारलं, "बाय, ते मशीन तुज्याकडं नवतं काय?"

"होतं."

"बिघडलं होतं?"

"नाही."

बायडी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दाखला पदराला बांधला आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून वैष्णवीने पुढे पाठवणं बंद केलं. दातिवऱ्याचे दिनानाथ तांडेल आले, ते नवशासारखेच. परिचारिका दिशाने विचारलं, "मॅडम, विक्रमसाहेबांना कळवू?"

"नंतर कळव. आधी टेबलावर घे."

दिनानाथ टेबलावरच गेले. वैष्णवी तशीच रक्ताळलेल्या गाउनमध्ये बाहेर आली आणि त्यांच्या मुलीला म्हणाली, "आम्ही सगळं केलं. नाही वाचवता आलं." मुलगी तिच्या गळ्यात पडून रडली. पावसाळाभर असंच चाललं. काही वाचले. एक गवंडी तर आपल्या पायाने घरी गेला. बरेच गेले.

दिवाळीच्या आधी इस्पितळाचं नाव योजनेतून निघालं.

आणि मग विक्रमसाहेब म्हणाले होते तसंच झालं. साधी दुखणी घेऊन आलेली, सहज बरी होणारी माणसंही दारातून परत फिरू लागली. कॅथलॅबचा खर्च निघेना. खोली बंद झाली, माणसं कमी केली. त्यांत दिशाही होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला दुसरीकडे मिळेल, मॅडम. मला दोन मुलं आहेत." त्यानंतर तिने वैष्णवीचा फोन कधी उचलला नाही.

वैष्णवीने योजनेच्या वरिष्ठांकडे दाद मागितली. मुंबईत सुनावणी झाली. मरणाच्या दारातला माणूस आणि चालत आलेला माणूस एकाच मापाने मोजू नका, एवढंच तिचं मागणं होतं. अधिकारी समजूतदार निघाले. "तुमचा मुद्दा खरा आहे," ते म्हणाले. "बघू." दोन वर्षं ते बघत होते.

आता तिचा पालघरला छोटा दवाखाना आहे. झटका आलेल्याला ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देते आणि पुढे पाठवते. दुसरं काही तिच्या हातात नाही. पेशंट फारच वाईट असेल तर दवाखाना बंद करून स्वतः रुग्णवाहिकेत बसते. त्याने फार फरक पडतो असं नाही, हे ती कोणालाही सांगते. तरी बसते.

अशीच एकदा ती केळव्याच्या एका आजीबाईंना घेऊन निघाली होती. महामार्गावर गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. तेवढ्यात विक्रमसाहेबांचा फोन आला. आवाजात खरा आनंद होता.

"मॅडम, नियम बदलला! अत्यवस्थ पेशंट वेगळे मोजणार आहेत. तुमचं ऐकलं त्यांनी."

"कॅथलॅब परत उघडताय?"

"मशीन तर गेलं, मॅडम. त्या खोलीत आता हाडांचा विभाग आहे."

वैष्णवीने फोन ठेवला. आजीबाईंचा रक्तदाब उतरत होता. तिने औषधाचा वेग वाढवला, त्यांचा गार हात हातात घेतला आणि पुढे चालकाला ओरडून विचारलं, "अरे, बाजूने निघतंय का काही?"

"नाय मॅडम," तो म्हणाला. "पुढं सगळं बंद हाय."