काळ्या पडद्याचं सरळ उत्तर

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतला लिनक्सचा संगणक आज सुरू होताना अडकला. चिन्हांवर क्लिक करायचा रंगीत पडदा आलाच नाही. काळ्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. संगणक दुरुस्तीचं काम मी वीस वर्षं करतो, पण या काळ्या पडद्याची मला कायम धास्ती. आज इलाज नव्हता. डिस्कवर जागा किती उरली, एवढं विचारणारी एक ओळ टाईप केली. लगेच उत्तर आलं, शंभर टक्के भरली आहे. साचलेल्या निरुपयोगी फायली काढल्या आणि संगणक सुरू झाला.

मी बघतच राहिलो. रंगीत पडदा अशा वेळी 'काहीतरी चुकलं' म्हणतो, तेही अदबीने. काय चुकलं, कुठे चुकलं, ते सांगत नाही. मी तरी वेगळं काय केलं होतं? चार वर्षांपूर्वी हाच संगणक असाच अडकला, तेव्हा इकडेतिकडे क्लिक करून कंटाळलो आणि सरळ फॉरमॅट मारला. ग्रंथपाल देशपांडेबाईंनी जुन्या पुस्तकांची केलेली अख्खी यादी त्यात गेली. "डिस्कच खराब झाली हो, बाई," असं सांगून मोकळा झालो. मोकळा कसला!

"बाई," आज म्हणालो, "तेव्हा डिस्क चांगली होती. तुमची यादी मी घालवली."

बाईंनी चष्मा काढला. "यादी मी वर्षभरात पुन्हा केली, सर. पण तुम्ही इकडे फिरकेनासे झालात, ते यामुळे होय? बसा आता."

मी खुर्चीत पाठ टेकून बसलो.